आधी ताट, मग ग्लास

ईरा आणि निहार,

तुमच्या बाबाने गेल्या डिसेंबरात इथे येऊन माझी सगळी कागदपत्रं स्कॅन केली आणि मी गेल्यावर कोणाला शोधाशोध करावी लागू नये म्हणून आपल्या घरच्या ग्रुपवर टाकून दिली. आधारकार्ड, पॅनकार्ड, सोसायटीचा शेअर दाखला, आणि त्यांच्यात, जिथे असायला हवा तिथेच, माझ्या नावाचा, माझ्या फोटोसकट, विदेशी मद्य बाळगण्याचा आणि पिण्याचा आजीव परवाना. निहारने त्यावर हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. ईराने विचारलं, "आजी, सीरियसली?" तुमच्या आईने काहीच विचारलं नाही, ते मला जास्त लागलं.

म्हणून हे लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच जेवायला उठता. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं. त्या भाषेत मी फोर्टातल्या एका ऑफिसात जन्मभर साहेबांची पत्रं लिहिली आहेत. पण ही हकिकत ज्यांची आहे त्या सिस्टर इंग्रजीत भांडत नसत, आणि त्यांचं भांडण वगळलं तर सांगण्यासारखं फार उरत नाही. अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही अडेल, पण तो कबूल करणार नाही.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते. मी आजवर दारूचा एक थेंबही घेतलेला नाही. आणि मी सहा महिने, रोज रात्री नऊ वाजता, लालबागच्या आतल्या गल्लीतल्या एका परमिट रूममध्ये जाऊन बसले आहे. दोन्ही खरं आहे, आणि दुसऱ्याचा दोष सिस्टरांकडे जातो.

त्यांचं नाव शालिनी. ते मला फार उशिरा कळलं, कारण परळच्या आपल्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. महापालिकेच्या इस्पितळात नर्स म्हणून सगळी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. बुटक्या, रुंद, केसांचा घट्ट आंबाडा आणि पायांत कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट घालून चालणारी ती बाई लांबून दिसली की गल्लीतले अर्धे पुरुष विडी विझवायचे. तुमच्या आजोबांच्या पायाची जखम चिघळली तेव्हा रोज सकाळी ड्रेसिंग करायला त्या आपल्याकडे येऊ लागल्या.

पहिल्याच दिवशीची गोष्ट सांगते, कारण ती लपवली तर पुढचं सगळं खोटं होईल. ड्रेसिंग झाल्यावर मी त्यांना चहा दिला. गॅसवाला, प्लंबर, बाहेरचं कोणीही आलं की ज्या कपातून देत असू, त्या कपातून. त्यांनी कप हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा कप वेगळा आहे ना? नाय, कान तुटलाय म्हणून विचारते."

मी काहीतरी पुटपुटले. चांगले कप धुवायला पडले आहेत, असं काहीतरी. त्यांनी चहा शांतपणे पिऊन संपवला, कप मोरीत नेऊन विसळला आणि जाताना म्हणाल्या, "उद्या कोरा चहा चालेल. कुठल्याबी कपात." दुसऱ्या दिवशी मी लग्नातल्या सेटमधला कप काढला. त्यांनी बशी उलटी करून खालची छाप वाचली. माझा पहिला संताप तो. चूक माझी होती आणि तरी मला राग आला होता. हे त्यांच्या बाबतीत पुढे कायमच होत राहिलं.

तुमचे आजोबा गेले त्यानंतरही त्या येत राहिल्या. कधी माझं ब्लडप्रेशर मोजायला, कधी नुसत्याच. एका संध्याकाळी येऊन त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माझं एक काम आहे. मला फॅमिली पाहिजे."

मला वाटलं, यांना या वयात लग्न करायचं आहे.

तसं नव्हतं. सिस्टरांना बाळू नावाचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, आणि सिस्टर नुकत्याच नर्सिंगला लागलेल्या. त्यांनी त्याला वाढवला आणि स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. बाळू पेंटर झाला. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, टेम्पोच्या मागची अक्षरं. मग छापील फ्लेक्स आले आणि हाताच्या अक्षराला गिऱ्हाईक राहिलं नाही. बायको माहेरी गेली ती गेलीच. आता तो साठीला आला होता, शिवडीच्या बाजूला एका खोलीत राहत होता आणि रोज रात्री लालबागच्या त्या बारमध्ये बसत होता. त्याला टीबी झाला होता. दोन वर्षांपूर्वीही झाला होता. तेव्हा दोन महिने गोळ्या खाऊन बरं वाटताच त्याने त्या सोडून दिल्या होत्या.

"आता परत सोडल्या," सिस्टर म्हणाल्या, "तर पुढच्या वेळी ह्या गोळ्या लागू पडणार नाहीत. मग मोठ्या गोळ्या, मोठा कोर्स, आणि बाळ्या तेवढा टिकायचा नाय. सहा महिने. रोज. माझ्या डोळ्यांसमोर गिळायच्या."

"मग त्याला तुमच्या घरी बोलवा."

"येत नाय."

"दवाखान्यात?"

"जात नाय."

"व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा. मी चौकशी करते."

"दोनदा ठेवलाय. दोनदा भिंतीवरून उडी मारून आलाय, पाट्या रंगवायची शिडी लावून." मग त्यांनी मला ते वाक्य ऐकवलं, जे पुढे मी शंभरदा ऐकलं. "मॅडम, माणूस जिथं असेल तिथं गोळी जाते. माणूस गोळीकडे येत नसतो. माझ्या सगळ्या नोकरीत एक आला नाय."

डॉक्टरांनी बाळूला सांगितलं होतं, आधी दारू सोड. सिस्टरांना ते पटत नव्हतं असं नाही, पण त्यांचा क्रम वेगळा होता. "दारू सुटायची वाट बघत बसले तर टीबी थांबणार आहे का? आधी गोळी. दारूचं मी बघते." आणि बाळू नक्की सापडेल अशी जगात एकच जागा होती. सिस्टर तिथे गेल्या होत्या. बाळू त्यांना पाहून मागच्या दाराने निसटला. दुसऱ्या दिवशी त्या त्याच्या आधी जाऊन त्याच्या ठरलेल्या खुर्चीवरच बसल्या, म्हणजे त्यांना टाळून त्याला कुठे बसताच येणार नाही. पण बारचे मालक अण्णा आडवे आले. अण्णा मंगळूरकडचे, अंगाने स्थूल, स्वभावाने भित्रे. त्यांचं म्हणणं, "सिस्टर, एकटी लेडीज बैठी तो गिऱ्हाईक लोकांना प्रॉब्लेम होतो. आप दोघी या. दोघी म्हणजे फॅमिली."

"म्हणून तुम्ही चला," सिस्टर मला म्हणाल्या. "तुम्ही नुसतं बसायचं."

मी नाही म्हटलं. साफ नाही. मी गिरगावातल्या ज्या घरात वाढले तिथे सोड्याची बाटलीसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून आणत. सिस्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तुमच्या आजोबांच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "साहेबांच्या पायाचा वास शेवटी शेवटी किती यायचा, आठवतं? मी नाक धरलं होतं का?"

हे अन्यायाचं होतं. तरी मी कबूल झाले.

मी एकच अट घातली. परमिट रूममध्ये बसायचं तर परमिट हवं. सिस्टर म्हणाल्या, "सोडा पिणार आपण. सोड्याला कसलं परमिट?" मी म्हटलं, उद्या धाड पडली तर मी पोलिसांना काय दाखवू? मग मी रीतसर अर्ज केला. त्या अर्जात छापलेलंच असतं की हा परवाना प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी दिला जातो. ते वाचून सिस्टर माझ्या सोफ्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "सगळा जन्म मी लोकांना सांगते, प्रकृतीसाठी दारू सोडा. आणि सरकार म्हणतं, प्रकृतीसाठी घ्या!" त्यांनी स्वतः परवाना काढला नाही. मी काढला. निहार, तुझ्या हसण्याचं कारण हे असं सरळ आणि कायदेशीर आहे.

आता त्या जागेचं वर्णन. तुम्ही सिनेमात पाहता तसलं काही नव्हतं. ट्यूबलाइट, पांढऱ्या टाइल्स, हात धुवायच्या बेसिनशेजारी बाळूचं टेबल, भिंतीवर मोठ्याने फिरणारा पंखा आणि आवाज बंद केलेला टीव्ही. बसलेले पुरुष सगळे कुठून तरी दमून आलेले: टॅक्सीवाले, गोदीतले हमाल, एक शाळेचा शिपाई. कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. मी पदर खांद्यावर ओढून, पर्स मांडीवर धरून बसले. वेटरने माझ्यापुढे सोड्याचा ग्लास ठेवला, तो मी रुमालाने पुसला. सिस्टर बघत होत्या.

"पुसा, पुसा," त्या म्हणाल्या. "इथं सगळ्यांचे ग्लास एकसारखे. धुतात पण एकाच बादलीत. तुमच्या घरच्यासारखं नाय."

चार वर्षं झाली होती त्या कपाला. चार वर्षं.

तेवढ्यात बाळू आला. काडीसारखा उंच माणूस, नखांत निळा रंग. आपल्या खुर्चीत बहीण आणि समोर पर्स धरलेली म्हातारी बाई पाहून तो दारातच थबकला. "ताई, तू काय गं... इज्जत आहे का नाय माझी इथं?"

"बस. ही माझी फॅमिली आहे. मॅडमना नमस्कार कर."

"जय भीम, मॅडम," तो नाइलाजाने म्हणाला, आणि बसला.

मग जे ठरलं ते सहा महिने चाललं. वेटर बाळूपुढे आधी डाळखिचडी ठेवी. बाळू ती खाई. मग सिस्टर पाकिटातून गोळ्या काढून त्याच्या तळहातावर ठेवत. त्याने त्या गिळल्या की हुकूम सुटे, "आ कर. जीभ वर." बारच्या मध्यभागी साठीचा माणूस तोंड उघडून बसे आणि सिस्टर मोबाइलचा टॉर्च लावून आत बघत. त्यानंतर ग्लास. पहिल्या दिवशी बाळूने क्वार्टर मागितली, तेव्हा सिस्टर वेटरला म्हणाल्या, "नाइंटी. निम्मी. आणि माझ्यासमोर माप." बाळू चिडला की त्यांचं ठरलेलं वाक्य, "आधी ताट, मग ग्लास. ताट नाय, तर ग्लास नाय. ग्लास नाय, तर बस बोंबलत."

दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस त्यांनी मला मास्क लावून दाराजवळच्या टेबलावर एकटीला बसवलं, संसर्ग नको म्हणून. तिथून मला सगळं ऐकू येई, आणि ते आलं नसतं तर बरं झालं असतं. त्या गोळ्यांनी लघवी लालसर होते. गोळ्या खरंच पोटात राहिल्या का, मागून थुंकल्या तर नाहीत ना, हे ओळखायची ती खूण. सिस्टर ती खूण भर बारमध्ये विचारत. "बाळ्या, सकाळी रंग काय होता?" "ताई, हळू." "हळू काय? लाल का पिवळा?" शाळेचा शिपाई आपल्या ग्लासाकडे बघून तो दूर सारी. अण्णा काउंटरवरून हात जोडत. मी पर्समधून स्तोत्राचं पुस्तक काढून उलटं धरल्याचं मला आठवतं.

माझा उपयोग म्हणजे मी एक तक्ता केला होता; तो पर्समधून नेऊन रोज टेबलावर पसरत असे. आडवे महिने, उभे दिवस, आणि रोज एक बरोबरची खूण. सिस्टरांना तक्त्याचं कौतुक नव्हतं. "खूण केल्यानं गोळी पोटात जात नाय," त्या म्हणत. पण तक्ता कोणी हलवला तर त्या ओरडत.

चौथ्या महिन्यात त्यांना नाशिकला जावं लागलं. चुलतबहीण वारली होती. शनिवारी सकाळी निघून सोमवारी सकाळी यायचं, कारण सोमवारी मतदान होतं आणि मतदान त्या चुकवत नसत. गोळ्यांचं पाकीट त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "दोन रात्री. शनिवार, रविवार. माणूस जिथं असेल तिथं."

"समजलं मला," मी म्हटलं. मला खरंच समजलं असं वाटलं होतं.

शनिवारी रात्री नऊला मी बारपाशी गेले. शटर खाली. त्यावर बाळूच्याच सुंदर अक्षरांतली पाटी: मतदानानिमित्त ड्राय डे. शनि, रवि, सोम बंद. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी शटरच्या पायरीवर चढले, तसा तो आवाज थांबला. मी दोन मिनिटं उभी राहिले. मग विचार केला, बंद म्हणजे बंद. आज इथे कोणी पीत नसणार, म्हणजे बाळू घरी असणार. टॅक्सी करून शिवडीला गेले. खोलीला कुलूप. बाळूचा फोन त्या आठवड्यात रंगाच्या डब्यात पडून मेला होता. मी पर्समधून कागद काढला, नीट अक्षरांत चिठ्ठी लिहिली आणि कडीत अडकवून आले. रविवारी पुन्हा तेच. शटर, पाटी, कुलूप. चिठ्ठी होती तशी होती.

सोमवारी सकाळी सिस्टर बोटाला शाई लावूनच माझ्याकडे आल्या. तक्त्यातल्या दोन रिकाम्या चौकोनांकडे त्या बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग असा उडालेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या निघाल्या, मी मागोमाग. आधी शिवडी. दारावरची माझी चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली: "'गोळ्या घेण्यासाठी माझ्या घरी येणे. वेळ सायंकाळी सात ते आठ.'" मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हे काय आहे? रेशनचं दुकान?"

तिथून थेट लालबाग. शटरसमोर उभ्या राहून त्यांनी तळहाताने ते बडवलं. सगळी गल्ली वळून बघू लागली. "बाळ्या! आ कर!"

शटर हातभर वर झालं. खालून निळ्या रंगाने माखलेला बाळू डोकावला. "ताई? आलीस पण?"

तो शुक्रवार रात्रीपासून आत होता. बंदच्या तीन दिवसांत अण्णांनी त्याला भिंती आणि मेनूची पाटी रंगवायला ठेवला होता. झोपायला बाक, जेवायला अण्णांच्या घरचा भात. माल सगळा कुलपात. शनिवारी हात थरथरत होता म्हणून त्याने नुसत्या भिंती मारल्या, रविवारी अक्षरं काढली. दोन रात्री तो एक थेंब प्यायला नव्हता; केंद्रातले दिवस सोडले तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याच दोन रात्री त्याने गोळीही घेतली नव्हती, कारण ती माझ्या पर्समध्ये होती.

"मॅडम, शनिवारी पायरीवर तुम्ही होतात?" बाळू म्हणाला. "आम्हाला वाटलं पोलीस. अण्णा बोलले, रेडिओ बंद कर, श्वास पण घेऊ नको."

त्याच्या नि माझ्यामध्ये एक पत्रा होता. मी हात उचलून तो वाजवला नाही.

सिस्टरांनी तिथेच पायरीवर त्याला बिस्किटं खायला लावली, गोळ्या दिल्या, जीभ पाहिली. परत येताना मी शेवटी म्हटलं, "पाटीवर बंद लिहिलं होतं, सिस्टर."

"ती पाटी बाळ्यानंच रंगवली होती," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ती वाचून परत गेलात. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत. लिहिलेलं दिसलं की माणूस दिसत नाय."

मी तक्त्यातले ते चौकोन काय करायचे विचारलं. "रिकामे ठेवा. खोटं भरायचं नाय. कोर्स दोन दिवस पुढं न्यायचा." मग परळच्या नाक्यावर थांबून, रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "माझ्या मागं बाळ्या तुमच्यावर पडणार, मॅडम. दुसरं कोण आहे? म्हणून तुम्हालाच ठेवलं होतं. नाशिकला जाताना शेजारणीच्या पोराला सांगून पण भागलं असतं."

"म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेत होतात?"

"नापास झालात. परत बसवीन."

मला इतका राग आला की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चारही दिवस रात्री नऊला मात्र जाऊन बसले.

कोर्स पुरा झाला. शेवटच्या तपासणीत बाळूची थुंकी साफ आली. सिस्टरांनी अण्णांकडून सगळ्या टेबलांना उकडलेले शेंगदाणे वाटले. दारू सुटली नाही. नाइंटीवर आली होती, ती साठवर आली आणि तिथे थांबली. मी हे बोलून दाखवलं तर सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला सगळं पुरं लागतं. मला माणूस पुरा लागतो." त्यांच्या घरी बुद्धवंदना असे तेव्हा बाळू पंचशीलातली पहिली चार शीलं खड्या आवाजात म्हणे, आणि पाचव्याला, जिथे मद्य वर्ज्य करतात, गप्प बसे. सिस्टर त्याच्या वाटणीचं पाचवं जरा मोठ्याने म्हणत. "चार तर म्हणतोय ना," त्या मला कुजबुजल्या होत्या. "खोटं म्हणण्यापेक्षा बरं."

आता शेवटचा संताप. ज्या बाईने गल्लीतल्या प्रत्येकाचं ब्लडप्रेशर मोजलं, तिने स्वतःचं किती वर्षं मोजलं नव्हतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी एका सकाळी त्या चाळीच्या जिन्यात पडल्या. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. ज्या वॉर्डात त्यांनी नोकरी केली तिथेच त्यांना ठेवलं होतं. मी गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. चांगला हात उचलला, पाच बोटं एकत्र केली, तोंडाकडे नेली आणि भुवया वर केल्या.

बाळू जेवला का?

"हो, जेवला," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे तसंच रोखून पाहिलं. मला काही माहीत नव्हतं, आणि ते त्यांना दिसत होतं.

त्या रात्री नऊला मी एकटी गेले. आयुष्यात पहिल्यांदा बारमध्ये एकटी. अण्णा काउंटरवर उभे होते. एकटी लेडीज. मी पर्स उघडली, प्लास्टिकच्या पाकिटातला परवाना काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. अण्णांनी तो वाचलाही नाही. दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. "मॅडम, ये अंदर रखो. आप तो फॅमिली हो."

बाळू भिंतीकडे तोंड करून बसला होता. पुढे भरलेला ग्लास, ताट नाही. मी बसले आणि ग्लास उचलून माझ्याकडे घेतला. दारू भरलेला ग्लास मी हातात धरला तो तेवढाच.

"मॅडम, आज राहू द्या," तो म्हणाला. "आज नाय जात घशाखाली."

"आधी ताट," मी म्हटलं. माझा आवाज सिस्टरांसारखा लागला नाही, शाळामास्तरणीसारखा लागला. वेटरने न सांगता खिचडी आणली. बाळू रडत होता आणि जेवत होता. अर्धा तास लागला. ताट रिकामं झाल्यावर मी ग्लास त्याच्यापुढे ठेवला. सकाळी मला इस्पितळात जाऊन खरं सांगायचं होतं, की जेवला. पण पहाटेच त्या गेल्या होत्या.

आता तुम्हांला कळलं असेल की तो परवाना मी का ठेवला आहे. तुमच्या बाबाचं म्हणणं, या वयात दर शनिवारी रात्री लालबागला जाणं बरं नव्हे. त्याला सांगा, मी टॅक्सीने जाते आणि दहाच्या आत घरी येते. वंदनेला बाळू अजून पाचव्या शीलाला गप्प बसतो, आणि त्याच्या वाटणीचं मोठ्याने म्हणणारं आता कोणी नाही. मला ते पाठ नाही. शिकते आहे.

बाकी, बाळूने त्या तीन दिवसांत रंगवलेली मेनूची पाटी तिथेच आहे. तिच्यावर डाळखिचडी सगळ्यांत वर आहे, व्हिस्कीच्याही वर. बाळू आहे. त्याला खोकला नाही. तो आधी जेवतो.